मूठमातीची जागा

आमच्या चर्चच्या दफनभूमीची वही माझ्याकडे आली ती माझं अक्षर चांगलं म्हणून. शाळेतून निवृत्त झाले होते, हाताशी वेळ होता आणि जुन्या नोंदवहीला वाळवी लागली होती. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, एवढं नव्या वहीत उतरवून द्या." उतरवून झालं तरी वही परत गेली नाही. मग दफनभूमी समितीवर नाव लागलं, किल्ल्यांचा जुडगा घरी आला, आणि पुण्यातल्या आमच्या मंडळीत कुणाच्याही घरी मृत्यू झाला की पहिल्या दोन-तीन फोनांतला एक मला येऊ लागला. विचारणं सगळ्यांचं एकच, "बाई, जागा आहे का?"

जागा असते. पण कुठली, कुणाशेजारची, किती खोल, पुढे तीत आणखी कोण, पावती कुणाच्या नावे, हे सगळं त्या पाच मिनिटांत ठरवायचं असतं. मृतदेह घरात बर्फाच्या लाद्यांवर नाहीतर दवाखान्याच्या शवागारात असतो. पाहुणे नगरहून, सोलापूरहून निघालेले असतात. पेटीवाला माप विचारत असतो. डॉक्टरांचा दाखला हातात आलेला नसतो, पालिकेचा पास व्हायचा असतो. आमच्या जमिनीत कबर खणायला निदान पाच-सहा तास लागतात, म्हणजे दुपारी चारला विधी धरला तर सकाळी दहाच्या आत "इथे खणा" असं कुणीतरी म्हणायला हवं. ते बहुतेक वेळा एखादा मावसभाऊ किंवा शेजारी म्हणतो, कारण घरातली माणसं त्या स्थितीत नसतात. एका कुटुंबाची कायमची जागा अशी दुसऱ्याच कुणीतरी बोट दाखवून ठरवलेली मी इतक्यांदा पाहिली, की पुढे ते टळावं म्हणून धडपडणं हेच माझं मुख्य काम झालं.

दफनभूमी मला समजली ती वही उतरवताना. कबर क्रमांक, रांग, नाव, वय, मृत्यूचं कारण, विधी कुणी केला, पावती क्रमांक असे रकाने. पुण्यात प्लेग आला त्या 1897 सालच्या पानांवर एकाच हाताने, एकाच शाईने, खाली खाली नावं लिहीत गेलेली. 1918 च्या इन्फ्लुएन्झाची पानंही तशीच. मधल्या शांत वर्षांत वयाच्या रकान्यात महिने आणि दिवस लिहिलेली बाळं, आणि पुष्कळदा त्याच आठवड्यात त्यांच्या आईचं नाव. यांतल्या बहुतेकांच्या कबरींवर आज दगड नाही. कुणी बसवला नसेल, किंवा बसवलेला खचून मातीत गेला असेल. पण रांग आणि क्रमांक वहीत आहे. नागपूरहून एक गृहस्थ आजीची कबर शोधत आले होते. त्यांच्याजवळ फक्त नाव आणि साल होतं. आम्ही वहीतली रांग काढली, भिंतीपासून टेप लावला आणि गवतातली एक सपाट जागा त्यांना दाखवली. ते तिथे बराच वेळ उभे राहिले, मग खिशातून रुमाल काढून तिथलं गवत बाजूला करू लागले. त्यांच्यापुरती ती जागा तेवढ्याने पुरी झाली.

म्हणून जागा पाहायला येणाऱ्याला मी आधी झाडं आणि रस्ता दाखवत नाही, वही दाखवते. ज्या दफनभूमीची वही नीट ठेवलेली नाही, तिथे कितीही चांगली जागा मिळत असली तरी घेऊ नका, असं स्पष्ट सांगते. आणि दुसरी गोष्ट पावतीची. लोक म्हणतात, आम्ही जागा विकत घेतली. जमीन कुणालाच विकत मिळत नाही. ती चर्चची किंवा ट्रस्टची असते, ट्रस्ट 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेला असतो, आणि आपल्याला मिळतो तो तिथे पुरण्याचा हक्क. तो विकता येत नाही, जावयाला आंदण देता येत नाही. किती वर्षांनी कबर पुन्हा उघडता येते, देखभालीचे पैसे थकले तर काय होतं, हक्क पुढे कुणाकडे जातो, हे प्रत्येक ठिकाणच्या नियमांत वेगवेगळं लिहिलेलं असतं. ते वाचून घ्यावं. मी वाचून दाखवू लागले की लोकांना ते अशुभ वाटतं. पण दुःखात भांडणं होतात ती याच ओळींवरून.

सगळ्यांत अवघड प्रश्न असतो तो गावी न्यायचं की इथेच ठेवायचं हा.

आमच्या मंडळीतल्या पुष्कळांची मुळं नगर जिल्ह्यात. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली नगरला काम सुरू केलं, आणि पुढे नेवासे, राहुरी, पारनेरकडच्या खेड्यांत ख्रिस्ती वस्त्या झाल्या. आमचे पूर्वज बहुतेक गावकुसाबाहेरचे. जिवंतपणी त्यांना जी जमीन मिळाली ती कडेची, आणि मेल्यावरचीही तशीच, ओढ्याकाठची, गायरानातली, कागदावर कुठेच नसलेली. तरीही जुनी माणसं शेवटी म्हणतात, मला गावी न्या. त्यांचे आई-वडील तिथे आहेत, त्यांनी लहानपणी तिथे मूठमाती टाकलेली आहे. त्या इच्छेपुढे मी कधी वाद घातला नाही, फक्त एक सांगत आले की गावच्या त्या जागेचा कागद आहे का ते आधी पाहा.

दोन भाऊ होते. थोरल्याने वडिलांचा शब्द धरला, धाकट्याचं म्हणणं की आपण सगळे पुण्यात, आई पुण्यात, तिथे कोण जाणार. थोरल्याचं ऐकलं गेलं. वडिलांना गावी नेलं, वस्तीतल्या लोकांनी मनापासून सगळं केलं. काही वर्षांनी ओढ्याचं खोलीकरण निघालं. जेसीबीने काढलेला गाळ काठावर टाकला गेला आणि त्या बाजूच्या सगळ्या कबरी त्याखाली गेल्या. भाऊ धावत गावी गेले. तलाठ्याकडे पाहिलं तर तो सगळा तुकडा सरकारी गायरान, दफनभूमी असा शब्द सातबाऱ्यावर कुठेही नाही. यंत्र चालवणाऱ्याला दोष द्यावा तर त्याला काठावर काही दिसलंच नव्हतं. आई गेली तेव्हा तिला पुण्यात ठेवलं, आणि तिच्या दगडावर वडिलांचं नाव, जन्म आणि मृत्यूसकट, वर कोरून घेतलं. दोघं भाऊ आता त्या एकाच दगडाशी येतात. थोरला मला म्हणाला, "बाई, दादांना आणता आलं असतं तर." आणता येत नव्हतं. मी त्याला तसंच सांगितलं.

अशा जागांचं पुढे काय होऊ शकतं हे सगळ्या देशाने जानेवारी 2025 मध्ये पाहिलं. छत्तीसगडमधल्या बस्तरच्या छिंदवाडा गावातले एक पाद्री 7 जानेवारीला वारले. त्यांच्या मुलाला त्यांना गावातच, पूर्वजांजवळ पुरायचं होतं, गावकऱ्यांचा विरोध होता. शव शवागारात राहिलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 27 तारखेला दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. एकांच्या मते मुलाला स्वतःच्या खासगी जमिनीत पुरू द्यावं, दुसऱ्यांच्या मते नेमलेल्या जागीच. शव आणखी ताटकळू नये म्हणून दोघांनी मिळून आदेश दिला, आणि दूरच्या करकापाल गावातली ख्रिस्ती दफनभूमी ठरली. वीस दिवस. ही बातमी मी कापून वहीत ठेवली आहे. गावी जमीन असलेल्या प्रत्येकाला वाचायला देते आणि म्हणते, तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांना धरून, ग्रामपंचायतीत अर्ज करून, त्या तुकड्याची दफनभूमी म्हणून नोंद करून घ्या. माणूस गेल्यावर तो अर्ज लिहिता येत नाही.

दुसऱ्या बाजूनेही सांगायला हवं. जिथे जन्म झाला तीच आपली माती, असं काही नाही. पंडिता रमाबाईंचा जन्म कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. 1922 साली त्या केडगावला वारल्या आणि त्यांना मूठमाती मिळाली ती तिथेच, मुक्ती मिशनच्या भूमीत, जिथे त्यांनी शेकडो मुलीबायकांना जगवलं. शहरात आयुष्य घालवलेल्या माणसाने "माझं गाव आता हेच" म्हणावं, यात गावाशी काही बेइमानी नाही. मी हे मन लावून सांगते, कारण पुष्कळ मुलं केवळ या अपराधी भावनेने दोनशे किलोमीटरवर नेतात आणि मग वर्षानुवर्षं तिथे फिरकू शकत नाहीत.

जमिनीबद्दल मला सगळं शिकवलं ते आमच्या कबर खणणाऱ्या मामांनी. त्यांच्या घरात तीन पिढ्यांपासून हेच काम. आमची दफनभूमी उताराची आहे. वरच्या अंगाला मुरूम, फाटकाजवळच्या खालच्या अंगाला काळी माती. लोकांना खालची जागा आवडते, गाडी जवळ येते, चढ नाही. पण काळी माती पावसाळ्यात पाणी धरते. जुलैत तिथे खणलं की कबरीत तळातून पाणी येतं, बाजू ढासळतात, पंप लावावा लागतो. तीच माती उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा ओटा एका बाजूला कलतो. मुरमात पहार आणि टिकाव चालवताना मामांचे हात सोलपटायचे, पण तिथे पाणी थांबत नाही आणि माती आपलं काम नीट करते. तरीही मी सगळ्यांना डोळे झाकून वरच घ्या म्हणत नाही. गुडघे गेलेली एखादी विधवा दर रविवारी उपासनेनंतर तिथे येणार असेल, तर तिच्यासाठी खालची जागाच बरी. ओट्याला पाया खोल घालावा आणि दोन पावसाळे गेल्याशिवाय दगड बसवू नये. ताजी कबर खचतच असते. लोक महिन्याच्या प्रार्थनेला दगड तयार हवा म्हणून घाई करतात आणि वर्षभरात तो तिरका होतो.

खोलीचं तर कुणाच्याच ध्यानात नसतं. पती-पत्नीला एकाच कबरीत ठेवायचं असेल तर पहिल्या वेळीच ती जास्त खोल, आठ फुटांपर्यंत खणावी लागते. नेहमीच्या खोलीवर पहिली पेटी ठेवली की पुढे त्यावर जागा उरत नाही. आणि काही रांगांत पाच फुटांवर खडक लागतो, तिथे इच्छा असूनही खोल जाता येत नाही. हे आधी माहीत असलं तर रांग बदलता येते. ज्या दिवशी नवरा गेला त्याच दिवशी बायकोला "तुमच्यासाठी वर जागा ठेवायची का?" असं विचारणं किती कठीण आहे, हे मी अनुभवलं आहे. पण न विचारणं अधिक वाईट. मी विचारत आले, एकटीला बाजूला घेऊन, तिचा हात हातात धरून. एकही बाई रागावली नाही. बहुतेकींनी लगेच मान हलवली.

शहरात जागा संपत चालल्यात. मुंबईत तर कायमची कबर मिळणं बहुतेक ठिकाणी बंदच झालं आहे. काही वर्षांतच कबर उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात किंवा सामायिक विहिरीत ठेवतात आणि ती जागा दुसऱ्याला मिळते. आमच्याकडे चौदा वर्षांचा नियम आहे, त्यानंतर कुटुंबाची जुनी कबर त्याच कुटुंबासाठी उघडता येते. लोक याला फार भितात. मीही पहिल्या वेळी भीत भीतच कडेला उभी राहिले. आत जे असतं ते फार थोडं असतं. लांब हाडं, दात, पेटीचे खिळे आणि कड्या. मामा ते सगळं हळुवार वेचून पांढऱ्या कापडात बांधायचे, तळाशी आणखी एक लहान खड्डा घेऊन त्यात ठेवायचे आणि वर माती दाबायचे. मग नवी पेटी. आजोबांच्या अस्थींवर नातू. मला त्यात भीतीदायक काही दिसलं नाही.

मात्र एकदा एका आजीची कबर उघडली आणि तिची नायलॉनची साडी रंगासकट जशीच्या तशी होती. पेटीच्या आतलं प्लॅस्टिकचं अस्तर, नकली फुलं, सगळं शाबूत. त्यात देहही मातीत नीट मिळालेला नव्हता. तिच्या सुनेने ते पाहिलं. त्या दिवसानंतर मी समितीत हट्टच धरला. सुती कपडे, साधी लाकडी पेटी, सनमायका नाही, प्लॅस्टिकचं अस्तर नाही, चपला-बूट नाहीत, फुलं खरी. वसईकडच्या काही धर्मग्रामांत तर पेटीही सोडून नुसत्या कापडात गुंडाळून पुरायची पद्धत लोकांनी आपणहून स्वीकारली, त्याचं मला फार कौतुक वाटतं. आमच्याकडे पेटीचा मान अजून सुटत नाही. तो सुटावा असं मला वाटतं, आणि माझ्या मुलांना मी तसं सांगितलं आहे.

सगळ्यांत जास्त बदल घडवला तो दोन बायकांनी.

एक मिशन दवाखान्यातल्या परिचारिका. लग्न केलं नाही. आई-वडिलांचं शेवटपर्यंत त्यांनीच पाहिलं, दोघांच्या औषधापासून दफनापर्यंत पैसा त्यांचाच. एके दिवशी येऊन म्हणाल्या, "बाई, आई-बाबांच्या कबरीत माझी जागा आहे ना?" मी वही काढली. पावती परदेशात स्थायिक झालेल्या भावाच्या नावावर, आणि आमच्या छापील अर्जात रकाना होता ‘मुलगे’. मुलींसाठी रकानाच नव्हता, लग्न होऊन त्या नवऱ्याच्या घरच्या कबरीत जाणार असं गृहीत धरलेलं. त्या काही बोलल्या नाहीत, पर्स उचलून जायला निघाल्या. मी त्यांना बसवलं. पुढच्या सभेत हा विषय मांडला तेव्हा एक वडीलधारे म्हणाले, "अशा किती जणी असतील?" मी जुनी वही उघडून दाखवली. परिचारिका, शिक्षिका, बायबल बाया, आयुष्यभर एकट्या राबलेल्या बायकांच्या कबरी कोपऱ्यात, भिंतीलगत, कुणाच्याच शेजारी नाहीत. अर्ज बदलला. आता त्यावर लिहिलेलं असतं, ‘या कबरीत हक्क असलेल्या व्यक्ती’, आणि खाली सगळ्या मुला-मुलींची नावं, लग्न झालेलं असो वा नसो. भावाने परदेशातून पत्र पाठवून संमती दिली, आनंदाने दिली. त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या बाई हिंदू घरातल्या. ख्रिस्ती माणसाशी लग्न केलं, बाप्तिस्मा घेतला नाही. संसार पस्तीस-चाळीस वर्षांचा. नाताळला करंज्या त्याच करायच्या, आमच्या महिला मंडळाच्या सहलीलाही यायच्या. नवऱ्याच्या दफनानंतर काही महिन्यांनी त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "मला यांच्याजवळच राहायचंय. पण तेवढ्यासाठी धर्म बदलला तर ते खोटं होईल. देवासमोर खोटं कसं वागू?" समितीत यावर खूप वाद झाला. दफनभूमी मंडळीच्या सभासदांसाठी आहे, असा नियम होता आणि तो मोडला तर उद्या काय, ही भीतीही खरी होती. शेवटी पाळकसाहेबांनी मार्ग काढला. कुटुंबाची कबर एकदा दिली की तिच्यात कुणी यायचं हे कुटुंब ठरवील, विधी म्हणून पाळक प्रार्थना करतील आणि वहीत धर्माच्या रकान्यात खरं तेच लिहिलं जाईल. ठराव झाला, बाईंनी सही केली. त्यांच्या मुलांनीही केली, आणि माझ्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचं होतं. सगळीकडे असा ठराव होईल असं नाही, काही चर्चेस स्पष्ट नाही म्हणतात. म्हणून मिश्र विवाहातल्या जोडप्यांना माझी कळकळीची विनंती असते की दोघं हिंडते-फिरते असताना एकत्र येऊन विचारा. नकार असेल तर तो आजच कळू द्या. मग दुसरी वाट शोधायला वेळ मिळतो.

कोविडच्या काळात निवडण्याचा प्रश्नच उरला नाही. 30 मार्च 2020 रोजी मुंबई महापालिकेने असं परिपत्रक काढलं की कोविडने गेलेल्या सगळ्यांचं, धर्म कुठलाही असो, दहनच करायचं. ते त्याच दिवशी मागे घेतलं गेलं. पुढे वांद्र्याच्या काही रहिवाशांनी जवळच्या दफनभूमीत पुरण्याला हरकत घेतली, तीही उच्च न्यायालयाने मे महिन्यात फेटाळली. पण तोवर लोकांच्या मनात भीती बसली होती. पुण्यात मुस्लिम तरुणांचे गट सगळ्या धर्मांच्या माणसांना शेवटचं पोचवत होते, आमच्याही काहींना त्यांनीच खांदा दिला. घरची माणसं फाटकाबाहेर. मी फोनवर रांग आणि क्रमांक सांगायची. ज्यांच्या घरी आधी ठरलेलं होतं, त्यांच्या बाबतीत मला दोन वाक्यं पुरायची. ज्यांचं नव्हतं त्यांना जिथे जागा रिकामी होती तिथे ठेवलं गेलं, नवरा एका टोकाला, बायको एका टोकाला. काहींचं दहन झालं आणि नंतर मुलं राखेचा कलश घेऊन आली. आम्ही कुटुंबाच्या कबरीवर हातभर खड्डा घेऊन तो पुरला, पाळकसाहेबांनी पूर्ण विधी केला. कॅथॉलिक चर्चने 1963 पासून दहनाला परवानगी दिलेली आहे, आणि 2016 मध्ये सांगितलं की राख घरात ठेवू नये, उधळू नये, पवित्र जागीच ठेवावी. आमच्या मंडळीतही आता काही वृद्ध आपणहून दहन लिहून देतात. मी स्वतः मातीच निवडली आहे, पण ज्यांच्या कुटुंबाच्या कबरीत पेटीला जागा उरलेली नाही त्यांनी हा मार्ग जरूर विचारात घ्यावा. कलशाला फार जागा लागत नाही आणि माणसं एकत्र राहतात.

आमच्या घरचं सांगते. यजमान सोलापूरचे, त्यांचे आई-वडील तिथल्या दफनभूमीत. त्यांचं मन तिकडे होतं. मी त्यांना एवढंच विचारलं की मुलांपैकी तिथे कोण जाईल? ते बरेच दिवस त्यावर काही बोलले नाहीत. मग एका रविवारी उपासनेनंतर आपणहून उतारावर चढून गेले, मधल्या रांगेत उभे राहिले आणि म्हणाले, "इथे खोल खणायला सांग." दोन्ही मुलांना बोलावून जागा दाखवली, पावतीवर दोघांची आणि मुलीचीही नावं घातली. ते गेले त्या सकाळी मी माझ्याच वहीत बघून मामांना क्रमांक सांगितला. मला रडायला वेळ मिळाला. एवढंच मिळालं, पण ते फार मोठं होतं.

दगडाबद्दल थोडं. खडकीचं युद्ध दफनस्थान मी सगळ्यांना एकदा पाहायला सांगते. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या ज्या कबरींची कायमची देखभाल होईल याची खात्री नव्हती, त्या तिथे आणल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धातले 1,668 सैनिक तिथे आहेत. अधिकारी असो वा साधा शिपाई, प्रत्येकाचा दगड त्याच मापाचा. तिथून आलेला माणूस सहसा मोठा दगड मागत नाही. परदेशातून येऊन आईसाठी भला मोठा संगमरवरी क्रूस उभारून गेलेली एक लेक मला आठवते. तिचं प्रेम खरं होतं. पण आमच्या पावसात संगमरवर काळवंडतो, शिशाची अक्षरं गळतात. आता दर नोव्हेंबरात तो क्रूस घासून स्वच्छ करतो तो इथला भाचा, आणि त्याचं नाव पावतीवर नाही. जागा निवडताना जो खरोखर येणार आहे त्याला सोबत न्या आणि हक्काच्या यादीत त्याचंही नाव घाला. दगड घ्यायचा तर आपला काळा पाषाण घ्या, अक्षरं खोल कोरून घ्या आणि उरलेले पैसे देखभालीच्या निधीत भरा.

ईस्टरच्या पहाटे आमची मंडळी दफनभूमीत उपासनेला जमते. त्याआधी आठवडाभर लोक येऊन कबरी झाडतात, चुना लावतात. या वर्षी झाडायला याल तेव्हा घरातल्या एखाद्या तरुण माणसाला बरोबर आणा आणि आपली कबर कुठली, तीत कोण आहे, पुढे कोण येणार, हे त्याला जागेवर उभं करून सांगा. पावतीची प्रत रेशनकार्डाशेजारी ठेवा. ती कुठे आहे हे सुनेलाही सांगा, कारण त्या सकाळी कपाट तीच उघडणार असते. आणि तुमच्या दफनभूमीची वही ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे एकदा जाऊन आपल्या माणसांची नावं आणि तारखा बरोबर लिहिल्या आहेत का, ते स्वतः वाचून या.